एकच ड्रायव्हर, दोन गाड्या: जानकार्लो फिसिकेलाची कारकीर्द कशी वाचावी

जानकार्लो फिसिकेला फॉर्म्युला वनमध्ये २२९ शर्यती धावला. तीन जिंकला, चार वेळा पोल पोझिशन, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, मिळवली, १९ वेळा पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांत, गेला. १९९६ ते २००९ या काळाचा हा हिशेब. नुसता वाचला तर ‘ठीकठाक ड्रायव्हर होता’ एवढंच मनात येतं.

आता २००९ मधले फक्त दोन आठवडे बघा. ३० ऑगस्टला बेल्जियममध्ये फिसिकेला फोर्स इंडियाच्या गाडीतून दुसरा आला. त्या संघाला तोवर एकही गुण मिळालेला नव्हता. १३ सप्टेंबरला तो चक्क फेरारीत बसला, इटलीतच, मोंझाच्या ट्रॅकवर, आणि नववा आला. त्यानंतरच्या चार शर्यतींतही त्याला फेरारीकडून एक गुण मिळवता आला नाही. दोन आठवड्यांत माणूस गाडी चालवायला विसरत नाही. मग झालं काय?

हा प्रश्न नीट सोडवला की फॉर्म्युला वनचा निकाल वाचता येतो, म्हणून मला ही कारकीर्द फार महत्त्वाची वाटते. शूमाखर किंवा हॅमिल्टनच्या कारकिर्दीत हे कळत नाही. त्यांना बहुतेक वेळा चांगली गाडी मिळाली आणि ते जिंकत गेले. फिसिकेलाला सगळ्या दर्जाच्या गाड्या मिळाल्या, त्यामुळे गाडीचा वाटा किती आणि माणसाचा किती, हे त्याच्याकडे बघून जास्त स्पष्ट दिसतं.

फॉर्म्युला वनमध्ये प्रत्येक संघ आपली गाडी स्वतः बनवतो. इंजिन दुसऱ्याकडून घेता येतं, पण चॅसी म्हणजे गाडीचा सांगाडा आणि पंख हे आपलं आपण करायचं. त्यामुळे एका गाडीत आणि दुसऱ्या गाडीत एका फेरीमागे एक सेकंदाचा फरक सहज पडतो. साठ फेऱ्यांच्या शर्यतीत त्याचा पुरा एक मिनिट होतो. चांगल्यातला चांगला ड्रायव्हर आपल्या हातांनी फेरीमागे दोन-तीन दशांश सेकंद काढू शकतो, फार तर चार. उरलेलं अंतर तो कुठून आणणार? क्रिकेटमध्ये चांगल्या फलंदाजाच्या हातात दुसऱ्याची बॅट दिली तरी तो धावा करतोच. इथे दुसऱ्याची गाडी दिली की पहिल्या पाचातला माणूस पंधरावा येतो.

म्हणून पॅडॉकमधली, म्हणजे ट्रॅकमागच्या संघांच्या तळावरची, माणसं ड्रायव्हरची किंमत वेगळ्या मापाने करतात. ते फक्त त्याचा टीममेट बघतात. एका संघात दोन गाड्या असतात, दोन्ही जवळपास सारख्या. तेव्हा ज्याच्याशी तुलना न्याय्य ठरते असा माणूस अख्ख्या ग्रिडवर एकच, आणि तो तुमच्याच गॅरेजमध्ये असतो.

फिसिकेला १४ जानेवारी १९७३ रोजी रोममध्ये जन्मला. कार्टिंग करत वर आला, १९९४ मध्ये इटलीची फॉर्म्युला थ्री स्पर्धा जिंकला. १९९६ मध्ये मेलबर्नला मिनार्डी संघाकडून पदार्पण केलं. मिनार्डी म्हणजे इटलीतल्या फाएन्झा गावातला छोटासा संघ, कायम पैशाच्या ओढाताणीत. हंगाम अर्ध्यावर आला तशी फिसिकेलाची जागा जोवानी लावाज्जीला गेली, कारण लावाज्जी सोबत प्रायोजकांचा पैसा घेऊन आला होता. हा प्रकार आजही चालतो. छोट्या संघात दोनपैकी एक सीट बऱ्याचदा पैसे आणणाऱ्याला जाते, आणि त्यात कुणाला लाज वाटत नाही, कारण त्या पैशातूनच दुसऱ्या गाडीचे टायर येतात.

पुढच्याच वर्षी जॉर्डनने त्याला घेतलं. टीममेट राल्फ शूमाखर. वर्षअखेर फिसिकेलाचे २० गुण, राल्फचे १३. मग बेनेटन संघ. तिथे पहिल्या वर्षी अलेक्झांडर वुर्ट्स त्याच्यापेक्षा एका गुणाने पुढे राहिला, १७ विरुद्ध १६. पण १९९९ मध्ये १३ विरुद्ध ३ आणि २००० मध्ये १८ विरुद्ध २ असा फिसिकेला पुढे. २००१ मध्ये बेनेटनची गाडी अगदीच मागे पडली होती. तरी त्याने ८ गुण काढले. टीममेटला २ मिळाले. त्या टीममेटचं नाव जेन्सन बटन, २००९चा जगज्जेता. २००२ मध्ये परत जॉर्डनला जाऊन त्याने ताकुमा सातोला ७ विरुद्ध २ असं मागे टाकलं. २००४ मध्ये सॉबर संघात फेलिपे मासाला २२ विरुद्ध १२. हाच मासा २००८ मध्ये एका गुणाने जगज्जेतेपद हुकलेला.

ही यादी मी मुद्दाम सलग दिली. निकालाच्या तक्त्यात फिसिकेला या काळात बहुतेक वेळा आठवा, नववा, अकरावा असा दिसतो. टीममेटच्या मापाने बघितलं की दिसतं, त्याने भावी जगज्जेत्याला आणि भावी उपविजेत्याला मागे टाकलं होतं.

त्याचा पहिला विजयही याच काळातला, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. ६ एप्रिल २००३, साओ पावलोचा इंटरलागोस ट्रॅक, धो धो पाऊस. त्या वर्षीच्या नियमानुसार संघांना पावसाळी टायरचा एकच प्रकार आणता येत होता, आणि संघांनी आणलेला टायर हलक्या पावसाचा होता. टायरवरच्या खाचा पाणी बाहेर फेकतात. पाणी खाचांच्या आवाक्याबाहेर गेलं की टायर रस्त्याला टेकतच नाही, पाण्यावर तरंगतो; मग स्टिअरिंग फिरवा नाहीतर ब्रेक दाबा, गाडी सरळच जाते. इंटरलागोसच्या तिसऱ्या वळणावर रस्त्याला आडवा पाण्याचा पाट वाहत होता. तिथे एकामागून एक गाड्या घसरून एकाच कुंपणापाशी जमा झाल्या. त्यात मायकेल शूमाखरही होता.

जॉर्डनची गाडी जिंकण्याच्या लायकीची नव्हती. पण संघाने डोकं चालवलं. शर्यत सेफ्टी कारच्या, म्हणजे धोका असताना सगळ्यांच्या पुढे राहून त्यांना हळू चालवणाऱ्या गाडीच्या, मागेच सुरू झाली होती. सेफ्टी कार पुढे असताना सगळे हळू चालतात, त्यामुळे तेव्हा चालायचं तसं पिटमध्ये, म्हणजे गाडी थांबवायच्या जागी, शिरून इंधन भरलं तरी फारसं अंतर गमवावं लागत नसे. जॉर्डनने सुरुवातीलाच फिसिकेलाला आत बोलावून टाकी भरून घेतली. त्यामागे एक पैज होती. इतका पाऊस आहे तर शर्यत पूर्ण ७१ फेऱ्या होणारच नाही. तीन चतुर्थांश अंतर झालं की पूर्ण गुण मिळतात. तेव्हा तिथपर्यंत पुन्हा थांबायची वेळ येऊ नये. बाकीचे मध्ये थांबले, घसरले, बंद पडले. फिसिकेला चालत राहिला, आणि चौपन्नाव्या फेरीत किमी रायकोनेनची चूक झाली तेव्हा पहिल्या नंबरवर आला.

थोड्याच वेळात मार्क वेबर जोरात आपटला, त्याच्या गाडीचं सुटलेलं चाक फर्नांडो अलोन्सोला लागलं, आणि लाल झेंडा दाखवून शर्यत थांबवली गेली. आता तेव्हाचा नियम बघा. शर्यत अशी थांबली तर ज्या फेरीत झेंडा दाखवला तिच्या दोन फेऱ्या आधीचा क्रम निकाल म्हणून धरायचा. अधिकाऱ्यांनी मानलं की झेंडा पंचावन्नाव्या फेरीत दाखवला. म्हणजे त्रेपन्नाव्या फेरीचा क्रम, आणि तेव्हा पुढे रायकोनेन होता. ट्रॉफी रायकोनेनला गेली. इकडे शर्यत संपल्यावर उभ्या केलेल्या फिसिकेलाच्या गाडीने पेटही घेतला होता. नंतर वेळेच्या नोंदी तपासल्या तेव्हा लक्षात आलं की झेंडा दाखवला त्या क्षणी फिसिकेलाने छप्पन्नावी फेरी सुरू केलेली होती. म्हणजे चौपन्नाव्या फेरीचा क्रम लागू, आणि विजेता फिसिकेला. शर्यतीच्या पाच दिवसांनी पॅरिसमध्ये तसा निर्णय झाला. पुढच्या शर्यतीच्या वेळी, इमोलाला, रायकोनेनने स्वतःच्या हाताने ती ट्रॉफी त्याला दिली.

पहिला विजय, आणि पोडियमच्या सर्वांत वरच्या पायरीवर उभं राहणं नाही. मला याचं आजही वाईट वाटतं. पण तो विजय नशिबाचा होता असं कुणी म्हणालं तर मी मान्य करणार नाही. त्या दिवशी जगज्जेता शूमाखर ज्या वळणावर घसरला, त्याच वळणावरून फिसिकेला दर फेरीला गाडी सांभाळून बाहेर काढत होता. जॉर्डनचा तो शेवटचा विजय ठरला.

२००५ मध्ये अखेर त्याला जिंकणारी गाडी मिळाली, रेनो. पहिलीच शर्यत, ऑस्ट्रेलिया, पोलवरून जिंकली. तेव्हा क्वालिफाइंगला, म्हणजे सुरुवातीच्या जागा ठरवताना, एक-एक ड्रायव्हर एकटा ट्रॅकवर जायचा आणि त्याला दर सत्रात एकच फेरी मिळायची. मेलबर्नला मध्येच पाऊस आला, फिसिकेलाची फेरी त्यातल्या त्यात बऱ्या ट्रॅकवर झाली आणि त्याचा टीममेट अलोन्सो तेराव्या जागी अडकला. त्या तेराव्या जागेवरून अलोन्सो तिसरा आला, तेव्हाच पुढचं चित्र काहीसं दिसलं होतं. वर्षअखेर अलोन्सो जगज्जेता, १३३ गुण, फिसिकेला ५८. २००६ मध्ये फिसिकेलाने मलेशिया जिंकलं, तरी शेवटी १३४ विरुद्ध ७२.

थोडं दुर्दैव होतं. २००५ मध्ये कॅनडात आघाडीवर असताना हायड्रॉलिक्सने दगा दिला. पण सगळं दुर्दैवावर ढकलता येत नाही. २००५ मध्ये शर्यतीत टायर बदलायला बंदी होती. एकाच संचावर क्वालिफाइंगही करायचं आणि पूर्ण शर्यतही. पुढचे टायर जपत वेग टिकवणं ही त्या वर्षीची खरी परीक्षा होती. अलोन्सो स्टिअरिंग झटक्यात वळवतो आणि रेनोची गाडी ते सहन करायची, किंबहुना तशीच चालवलेली तिला आवडायची. फिसिकेलाचा हात मऊ, वळणात हळुवार शिरणारा.

त्याच वर्षी सुझुकाला काय झालं ते बघितलं की दुसरी गोष्टही कळते. फिसिकेला पहिला होता. सतराव्या जागेवरून सुटलेला रायकोनेन त्याला येऊन भिडला. शर्यत संपत आली तसा फिसिकेला शेवटच्या शिकेनमध्ये, म्हणजे लागोपाठच्या उलटसुलट वळणांत, आतली बाजू अडवू लागला. आतून वळलं की वळण अरुंद होतं, बाहेर पडताना वेग कमी मिळतो, आणि सुझुकाला त्या शिकेननंतर लगेच लांब सरळ रस्ता आहे. रायकोनेन बाहेरच्या रुंद वाटेने जास्त वेगात निघाला आणि शेवटची फेरी सुरू होताच पहिल्या वळणावर बाहेरून पुढे गेला. फिसिकेलाने जिथे धोका नव्हता तिथे दार लावलं आणि जिथे होता तिथे ते उघडं राहिलं. अलोन्सोने त्या जागी अशी चूक केली असती असं मला वाटत नाही. अव्वल आणि सर्वोत्तम यांच्यातलं अंतर असं शेवटच्या दोन फेऱ्यांत, दबावाखाली दिसतं.

२००७ मध्ये हाइकी कोवालायनेन या नवख्या टीममेटनेही त्याला मागे टाकलं, आणि २००८ मध्ये तो फोर्स इंडियात आला. विजय मल्ल्या आणि मिखिएल मोल यांनी स्पायकर संघ विकत घेऊन हे नाव दिलं होतं. स्पायकर म्हणजे आधीचा मिडलँड, आणि मिडलँड म्हणजे मूळचा जॉर्डन. झेंडा भारताचा असला तरी कारखाना इंग्लंडमध्ये, सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकसमोर, तोच. फिसिकेला तिसऱ्यांदा त्याच दारातून आत गेला. आपला नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये जॉर्डनकडून धावला तोही याच कारखान्याची गाडी घेऊन.

२००८ मध्ये शून्य गुण. २००९ मध्ये मर्सिडीजचं इंजिन आलं, तरी अकरा शर्यती गुणाविना गेल्या. मग स्पा.

इथे हवेचं गणित समजून घ्यावं लागतं. गाडीचे पंख हवा वर फेकतात, त्याच्या उलट गाडी रस्त्यावर दाबली जाते. याला डाउनफोर्स म्हणतात. दाब जास्त तर टायरची पकड जास्त, वळणात वेग जास्त. पण तोच पंख सरळ रस्त्यावर हवेला अडतो आणि गाडीला मागे खेचतो. हा ड्रॅग. मोठ्या संघांच्या गाड्या भरपूर दाब आणि कमी ड्रॅग अशा दोन्ही गोष्टी साधायच्या. फोर्स इंडियाला तेवढा दाब जमला नव्हता, पण त्यांची गाडी हवेतून फार कमी विरोधाने जायची. हंगेरी किंवा मोनॅकोसारख्या सततच्या वळणांच्या ट्रॅकवर ती मागे पडणार हे ठरलेलं. स्पा मात्र सात किलोमीटरचा ट्रॅक, आर्देन्सच्या जंगलातून जाणारा. पहिल्या आणि तिसऱ्या भागात लांबच लांब पल्ले, जिथे पाय अॅक्सिलरेटरवरून उचलायचाच नसतो. तिथे सगळेच संघ पंख छोटे करतात, म्हणजे मोठ्या संघांना आपला दाब स्वतःहून सोडावा लागतो. फोर्स इंडियाकडे सोडण्यासारखं काही नव्हतंच. वर मर्सिडीजचं इंजिन, त्या वर्षीचं सर्वांत ताकदवान समजलं जाणारं.

त्यात फिसिकेला स्वतः. स्पा हा त्याचा ट्रॅक होता. १९९७ मध्ये जॉर्डनमधून तिथे दुसरा, २००१ मध्ये त्या रद्दी बेनेटनमधून तिसरा. म्हणजे गाडीला जमणारा ट्रॅक आणि ड्रायव्हरला जमणारा ट्रॅक एकाच दिवशी जुळून आले. शनिवारी त्याने पोल घेतली, यार्नो ट्रुलीच्या टोयोटाला एक दशांश सेकंदाहूनही कमी फरकाने मागे टाकून.

रविवारी तो चांगला सुटला. पण पहिल्याच फेरीत मागे अपघात झाला, हॅमिल्टन आणि बटन दोघेही बाहेर, आणि सेफ्टी कार आली. सगळ्या गाड्या एकमेकींना चिकटल्या. फिसिकेलाच्या मागे फेरारीतला रायकोनेन, आणि त्याच्याकडे होतं कर्स. ब्रेक मारताना वाया जाणारी ऊर्जा साठवायची आणि बटण दाबून परत वापरायची, अशी ही यंत्रणा. फेरीमागे साधारण साडेसहा सेकंद, सुमारे ८० अश्वशक्ती जादा. फोर्स इंडियाकडे ती नव्हती. पाचव्या फेरीला शर्यत पुन्हा सुरू झाली, ओ रूजचा चढ चढून दोघे केमेलच्या लांब सरळ पट्ट्यावर आले, रायकोनेनने फिसिकेलाच्या मागच्या शांत हवेत शिरून बटण दाबलं आणि पुढे निघाला. फिसिकेलाच्या हातात अडवण्यासारखं काही नव्हतं.

त्यानंतरच्या जवळजवळ चाळीस फेऱ्या मला त्याच्या सगळ्या कारकिर्दीत सर्वांत मोलाच्या वाटतात. तो रायकोनेनला सुटू देत नव्हता. वळणांच्या मधल्या भागात जवळ यायचा, पण जिथे ओव्हरटेक शक्य होतं तिथे, चढावर आणि सरळ रस्त्यावर, फेरारी बटण दाबून निसटायची. शेवटी अंतर एक सेकंदाहून कमी. शर्यतीनंतर फिसिकेलाने सरळ सांगितलं की आपण रायकोनेनपेक्षा वेगवान होतो, कर्सने हरवलं. आकडे त्याच्या बाजूने आहेत. फोर्स इंडियाच्या तिसाव्या शर्यतीत तिला पहिले गुण मिळाले, एकदम आठ. फेरारीचा त्या अख्ख्या वर्षातला तो एकमेव विजय.

आणि त्याच फेरारीने त्याला बोलावलं. हंगेरीला दुसऱ्या गाडीची सुटलेली स्प्रिंग डोक्याला लागून मासा जखमी झाला होता. बदली लुका बादोएर तळाला राहत होता. रोमच्या मुलाला फेरारी, तेही मोंझाला. इटलीच्या अल्बेर्तो अस्कारीने १९५३ मध्ये जगज्जेतेपद घेतल्यापासून अर्धशतकाहून जास्त काळ दुसऱ्या इटालियनची वाट बघणारा तो देश. नाही कोण म्हणेल?

गाडी मात्र परकी होती. कर्स मागच्या चाकांवरून ऊर्जा ओढतं, त्यामुळे ब्रेक दाबल्यावर गाडीचं मागचं अंग वेगळंच वागतं. किती दाबलं की किती थांबेल, हा अंदाज पायात मुरावा लागतो, आणि त्याला शेकडो फेऱ्या लागतात. त्या वर्षी हंगाम सुरू असताना चाचण्यांना बंदी आलेली. म्हणजे सराव करायचा तो शर्यतीच्या शुक्रवारी, जगासमोर. शिवाय फेरारीने पुढच्या वर्षावर लक्ष देण्यासाठी त्या गाडीत सुधारणा करणं थांबवलं होतं. ज्या रायकोनेनने त्याला स्पाला हरवलं, तो त्याच गाडीतून मोंझाला तिसरा आला. पण त्याला त्या गाडीची वर्षभराची ओळख होती. आणि इकडे फिसिकेलाने सोडलेल्या फोर्स इंडियात आद्रियान सुटिलने मोंझाला दुसऱ्या जागेवरून सुटून चौथा नंबर काढला. मोंझाही सरळ रस्त्यांचाच ट्रॅक. फिसिकेला थांबला असता तर, हा विचार त्या दिवशी कितीतरी जणांच्या मनात आला असेल.

फोर्स इंडियाने पुढे २०११ मध्ये भारतात नवे ड्रायव्हर शोधायची मोहीम काढली; त्यात निवडलेला मुंबईचा जेहान दारूवाला नंतर फॉर्म्युला टूपर्यंत गेला. फिसिकेलाला मात्र फॉर्म्युला वनमध्ये पुन्हा सीट मिळाली नाही.

तो जीटी, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवर बेतलेल्या गाड्यांकडे वळला, एएफ कोर्से संघाच्या फेरारीत. फ्रान्समधल्या ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीत २०१२ आणि २०१४ मध्ये जानमारिया ब्रुनी आणि टोनी विलांदर यांच्यासोबत त्याने आपला गट जिंकला. तिथे तीन ड्रायव्हर एकाच गाडीत आळीपाळीने बसतात. तीच सीट, तेच इंजिन, कुणाची फेरी किती सेकंदांची हे समोर लिहिलेलं. टीममेटचं माप याहून चोख असूच शकत नाही, आणि चाळिशी ओलांडलेला फिसिकेला त्या मापाला उतरत राहिला, म्हणूनच त्या गाडीत टिकला.